पार्ल्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी का तापते? आणि ‘तेलावर फिरणारा पंखा’ म्हणजे काय?



उन्हाळा सुरू झाला की गटप्रमुखांकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला प्रश्न मुंबईला माल नेणाऱ्यांचा: “गाडी नाशिकपासून ठाण्यापर्यंत गार असते, मग विलेपार्ल्याला पोचेपर्यंत काटा वर का जातो?” दुसरा प्रश्न जुना हार्वेस्टर किंवा पोकलेन घ्यायला निघालेल्यांचा: “मशीनला पंख्याचा बेल्टच नाही, पंखा म्हणे हायड्रॉलिकवर फिरतो. घ्यावं की नाही?”

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून दोन्हींचं उत्तर आज एकत्र देतो आहोत. संदेश लांब आहे. सवडीने वाचा, ड्रायव्हरलाही वाचून दाखवा. इंजिनचं हेड बसलं तर एका फेरीचा नाही, अख्ख्या हंगामाचा नफा जातो.

*१) इंजिनची उष्णता जाते कुठे?*

तुम्ही टाकीत शंभर रुपयांचं डिझेल टाकता. ढोबळ हिशोबाने त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचंच चाक फिरवण्याचं काम होतं. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली बरीचशी उष्णता कूलंट उचलतं आणि रेडिएटरपाशी आणून सोडतं. तिथून ती हवेने न्यायची असते. हवा आलीच नाही तर पाणी तापतच राहतं.

गाडी ताशी साठच्या वेगाने पळते तेव्हा समोरून वारा आपोआप जाळीत घुसतो. पंखा नसला तरी बऱ्याच वेळा भागून जातं. गाडी उभी राहिली की तो वारा संपला. मग सगळी मदार पंख्यावर येते.

आता आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. नाशिककडून येताना कसारा घाट आपण भरल्या गाडीने *उतरतो*. तिथे ब्रेक तापतात, इंजिनवर जोर नसतो. पुढे ठाण्यापर्यंत गाडी बऱ्यापैकी पळते. विक्रोळीला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरला, मग पश्चिम द्रुतगती महामार्गावर दक्षिणेकडे वळून अंधेरी ओलांडून पार्ल्याकडे निघालात, की चाल गोगलगाईची होते. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला रिक्षा, आणि सगळ्यांचा गरम धूर आपल्याच जाळीत. महामार्ग सोडून पार्ले पूर्वेतल्या नेहरू रोड, हनुमान रोडकडे शिरलात तर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच मिळत नाही. सोसायटीच्या गेटवर भाजी उतरवताना काही जण इंजिन चालूच ठेवतात.

म्हणजे पार्ल्यात इंजिनवर काम फारसं नसतं, पण वारा बंद झालेला असतो. गाडी तापते ती त्यामुळे.

वर हवामानाचा मार. पार्ल्याला लागूनच सांताक्रूझची वेधशाळा आहे. तिथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू झाला की मुंबईचा पारा झपकन चढतो. रेडिएटर किती उष्णता सोडतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या *फरकावर* ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० चा. हवा ४० झाली की फरक ५५ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण थंड करण्याची ताकद एक पंचमांशाहून जास्त घटली.

*२) पंखा फिरवायच्या चार तऱ्हा*

▪️ *बेल्टवरचा साधा पंखा.* इंजिनच्या क्रँकवरून बेल्ट, बेल्टवर पंखा. रचना सोपी आणि टिकाऊ. अडचण एकच: इंजिन हळू तर पंखाही हळू. ट्रॅफिकमध्ये उभं असताना, म्हणजे जेव्हा वारा सगळ्यात जास्त हवा असतो, तेव्हाच पंखा सगळ्यात मंद फिरतो.

▪️ *व्हिस्कस कपलिंगचा पंखा.* पंख्याच्या मधोमध डबी असते, तिच्यात घट्ट सिलिकॉन तेल. रेडिएटरमागची हवा तापली की डबी पकड घेते, गार झाली की सोडते. डिझेल वाचतं. पण डबीतलं तेल गळालं की पकड जाते आणि पंखा नुसता आळसावल्यासारखा फिरतो.

▪️ *विजेचा पंखा.* कार आणि लहान गाड्यांत असतो. इंजिन मंद असलं तरी पूर्ण वेगाने फिरतो. पण त्याला मर्यादा आहे. मोठ्या यंत्राच्या पंख्याला समजा ८ एचपी लागली, तर ते झाले साधारण ६ किलोवॅट. १२ व्होल्टवर त्याला ५०० अँपियर करंट लागेल, २४ व्होल्टवर २५०. एवढी वीज साध्या गाडीचा अल्टरनेटर देऊच शकत नाही.

▪️ *हायड्रॉलिक पंखा.* इंजिन एक तेलाचा पंप फिरवतं. पंपातून दाबाचं तेल पाइपने पंख्यामागच्या छोट्या हायड्रॉलिक मोटरकडे जातं. मोटर पंखा फिरवते. तेल गाळणीतून आणि ऑइल कूलरमधून टाकीत परत येतं, तिथून पुन्हा पंपात.

आपल्या शेतातलंच उदाहरण घ्या. पंप विहिरीवर असतो आणि स्प्रिंकलर शेताच्या दुसऱ्या टोकाला फिरतो. दोघांमध्ये बेल्ट नाही, शाफ्ट नाही, फक्त पाइप. पाइप जिथे पोचेल तिथे स्प्रिंकलर लावता येतो. हायड्रॉलिक पंख्याचं तत्त्व हेच.

*३) मग हा खटाटोप कशासाठी?*

*पहिलं कारण जागेचं.* हार्वेस्टरमध्ये, मागे इंजिन असलेल्या मोठ्या बसमध्ये किंवा पोकलेनमध्ये रेडिएटर इंजिनच्या नाकासमोर बसवणं जमतंच असं नाही. तो बाजूला, वर किंवा आडवा बसवतात. तिथे क्रँकवरून सरळ बेल्ट पोचत नाही. तेलाचा पाइप मात्र वळणं घेत कुठेही जातो.

*दुसरं कारण वेगाचं.* समजा पंप एका फेऱ्यात ४० सीसी तेल देतो आणि पंख्याच्या मोटरला एका फेऱ्याला २० सीसी लागतं. इंजिन ७५० आरपीएमवर मंद चालू आहे. पंप मिनिटाला ३० लिटर तेल देईल आणि पंखा १५०० फेरे घेईल. थोडी गळती धरून जरा कमी. म्हणजे इंजिन उभ्या चालीवर असूनही पंखा त्याच्या दुप्पट वेगाने. इंजिनचा वेग वाढला की तेल गरजेपेक्षा जास्त होतं. मग कंट्रोल व्हॉल्व्ह जादा तेल परत टाकीकडे वळवतो. ठिबकच्या हेडवरचा बायपास व्हॉल्व्ह जादा पाणी विहिरीत परत सोडतो, अगदी तसंच. काही महागड्या यंत्रांत पंपच आपली धार कमी-जास्त करतो, त्यामुळे तेल फुकट फिरत नाही.

*तिसरं कारण डिझेलचं.* हे नीट समजून घ्या, यात पैसा आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण ताकद लागते *आठ पट*. उलट बघा: पूर्ण वेगाला ८ एचपी खाणारा पंखा पाऊण वेगाला साधारण साडेतीन एचपी खातो आणि अर्ध्या वेगाला फक्त १ एचपी. सकाळच्या गारव्यात पूर्ण वेगाची गरज नसते. पंखा जरा हळू केला तरी इंजिनवरचा बोजा झपाट्याने उतरतो. तापमान बघून हवा तेवढाच वेग देणं हायड्रॉलिकला चांगलं जमतं.

*चौथं कारण उलटं फिरण्याचं.* तेलाची दिशा बदलली की मोटर उलटी फिरते. हवा आतून बाहेर फुंकली जाते आणि जाळीला चिकटलेलं पाचट, भुसा, धूळ उडून जाते. उसाच्या फडात किंवा सोयाबीन-गहू काढताना दर थोड्या वेळाने उतरून जाळी साफ करणं काय असतं ते ऑपरेटरला विचारा. सगळ्या मशीनवर ही सोय नसते. घेताना आवर्जून विचारा.

*आता दुसरी बाजूही ऐका.* ताकद आधी तेलाला द्यायची आणि मग तेलाकडून परत घ्यायची, यात चार हिश्श्यांतला साधारण एक हिस्सा वाटेतच उष्णता होऊन जातो. म्हणजे पूर्ण वेगाला हा पंखा साध्या बेल्टपेक्षा जास्त खातो. फायदा होतो तो वेग कमी-जास्त करता येतो म्हणून. त्यात पंप, मोटर, व्हॉल्व्ह, सेन्सर, होज, गाळणी एवढे भाग वाढतात, आणि प्रत्येक भाग खर्चाचा.

*४) तुमच्या गाडीत हा पंखा आहे का?*

पिकअप, छोटा हत्ती, नेहमीचा भाजीचा टेम्पो यांत *नसतो*. त्यांना बेल्टवरचा, व्हिस्कस किंवा विजेचा पंखा असतो. त्यामुळे “मुंबईला तापते म्हणून हायड्रॉलिक पंखा बसवून देतो” असं कोणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. त्यासाठी वेगळा पंप, टाकी, कूलर सगळंच लागतं. पिकअपला तो खर्च कधीच परवडणार नाही.

हा पंखा आढळतो तो अनेक मोठ्या हार्वेस्टर आणि ऊसतोडणी यंत्रांत, पोकलेनसारख्या मातीकामाच्या काही यंत्रांत आणि मागे इंजिन असलेल्या काही बसगाड्यांत. कारमध्ये क्वचित. जीप ग्रँड चेरोकीच्या काही मॉडेलमध्ये तो होता, आणि त्याला तेल पॉवर स्टिअरिंगच्याच पंपातून मिळायचं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंखा आणि स्टिअरिंग एकाच तेलावर चालत असतील तर तेल गळाल्यावर दोन्ही एकदम अडचणीत येतात.

*५) जुनं मशीन घ्यायला जाताय? हे तपासा*

ऊसतोड मजुरांची टंचाई वाढल्यापासून ऊसतोडणी यंत्राकडे ओढा वाढला आहे. नवं परवडत नाही म्हणून काही सभासद मिळून जुनं बघताहेत. बघा, पण डोळे उघडे ठेवून.

✅ मशीन *गार असताना* जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर इंजिन गार होईपर्यंत थांबा. नुसतं सुरू करून दाखवलेलं मशीन बघून व्यवहार करू नका.

✅ गार इंजिन सुरू केलं आणि पंखा पहिल्या मिनिटापासून जोरात घोंघावतोय? ‘पंखा दमदार आहे’ म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये सेन्सरची वायर तुटली किंवा सिग्नल गेला की पंखा सुरक्षिततेसाठी आपोआप पूर्ण वेगाला जातो. म्हणजे तिथे बिघाड असण्याची शक्यता आहे.

✅ उलट, तासभर कामावर चालवूनही पंखा मंदच? गाळणी तुंबली असेल, पंप झिजला असेल, मोटरमध्ये आतून गळती असेल किंवा व्हॉल्व्ह अडकला असेल. यातल्या पंप आणि मोटरचा खर्च मोठा असतो. आधी मेकॅनिककडून दाब आणि पंख्याचे फेरे मोजून घ्या, मग किमतीचं बोला.

✅ टाकीतलं तेल बघा. दुधासारखं पांढरट असेल तर त्यात पाणी शिरलंय. फेस येत असेल तर पंप कुठून तरी हवा ओढतोय किंवा तेल कमी आहे. करपल्याचा वास येत असेल तर तेल फार तापलेलं आहे.

✅ पंख्याच्या मोटरभोवती ओलसर धूळ चिकटलेली आहे का? ती सील गळाल्याची खूण. पंख्याने ते तेल जाळीवर उडतं, त्यावर धूळ बसते आणि रेडिएटर लिंपल्यासारखा होतो.

✅ उलट फिरण्याचं बटण असेल तर ते चालवून बघा. पंखा आधी थांबला पाहिजे, मग उलटा फिरला पाहिजे.

✅ तेल मशीनच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं वापरा. “कुठलंही टाका, चालतं” हा सल्ला ऐकू नका.

*६) जिवाची काळजी: हे तीन नियम पाठच करा*

⚠️ *पहिला नियम: गळती हाताने शोधू नका.* ठिबकच्या नळीत दाब असतो साधारण १ किलोचा. पंख्याच्या तेलाच्या होजमध्ये तो १५० ते २०० किलोपर्यंत असू शकतो. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी छोटी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. आतून मात्र बोट, हात सडू शकतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. *त्याच तासाला* शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: “दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय.” गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघा, डोळ्यांना चष्मा लावा. होज सोडवण्याआधी इंजिन बंद करून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दाब उतरवा.

⚠️ *दुसरा नियम: पंख्यापाशी हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात.* हायड्रॉलिक आणि विजेचा पंखा आधी काहीही इशारा न देता सुरू होतो. विजेचा तर काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फिरतो. त्यामुळे तिथे काम करण्याआधी बॅटरीची वायर काढा. साडीचा पदर, उपरणं, गमछा, सैल बाही जवळ नको.

⚠️ *तिसरा नियम: गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.* झाकण आतला दाब धरून ठेवतं. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांला उकळतं, पण १ किलोच्या झाकणाखाली साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. फडकं धरून ‘थोडंसंच’ उघडणारेही भाजले आहेत. अर्धा-पाऊण तास थांबा.

*७) पार्ल्याच्या जाममध्ये काटा चढायला लागला तर*

१. एसी असेल तर बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावा. काचा उघडा. घाम निघेल, पण इंजिनची थोडी उष्णता आत वळवली जाईल.

२. गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा. काटा अजून लाल पट्ट्यात गेला नसेल तर रेस किंचित वाढवून इंजिन दोन-तीन मिनिटं साधारण १२०० ते १५०० आरपीएमवर ठेवा. बेल्टवरचा पंखा आणि वॉटर पंप जोरात फिरतील. विजेच्या पंख्याचा वेग याने वाढणार नाही, पण पाणी जोरात फिरेल.

३. काटा लाल पट्ट्यात गेला, वाफ दिसली किंवा कूलंटचा गोडसर वास आला तर रेस वगैरे काही नाही. *लगेच इंजिन बंद.* “एवढी सोसायटी गाठू दे” म्हणून अर्धा किलोमीटर ओढली तर हेड गॅस्केट जाऊ शकतं.

४. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. लोखंड एकदम आकसतं आणि तडा जाऊ शकतो.

५. गाडी गार होईपर्यंत चहा-पार्लेजी घ्या आणि तेवढ्यात गटप्रमुखाला फोन करा. पालेभाजी थांबत नाही, दुसऱ्या गाडीत माल हलवायचा का हे लवकर ठरलेलं बरं.

*८) फेरीला निघण्याआधीची पाच मिनिटं*

🔹 इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा. नुसतं विहिरीचं पाणी भरू नका. त्यातल्या क्षारांची पापडी रेडिएटरच्या नळ्यांत बसते.

🔹 जाळी *इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला* हवेने किंवा पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली तर पातळ पत्र्या वाकतात आणि हवा अडते.

🔹 बेल्टचा ताण आणि चिरा बघा.

🔹 व्हिस्कस पंखा असेल तर गाडी चालून गरम झाल्यावर, *इंजिन बंद करून, चावी काढून* पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा गरगर फिरला तर डबी गेली आहे.

🔹 “थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही” हा सल्ला मानू नका. इंजिन मग योग्य तापमानाला पोचत नाही, डिझेल जास्त पितं, झीज वाढते. आणि तुंबलेल्या जाळीचा आजार तसाच राहतो.

🔹 रेडिएटरसमोर जादा दिवे, पाट्या, ताडपत्री बांधू नका.

थोडक्यात सांगायचं तर, पंखा कुठल्याही तऱ्हेचा असो, जाळीतून हवा जात नसेल तर त्याचा उपयोग नाही. आणि हायड्रॉलिक पंख्याचं मशीन घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच्या तेलाची निगा इंजिन ऑइलइतकीच राखायची तयारी हवी.

जुन्या मशीनचा व्यवहार करत असाल तर टोकन देण्याआधी पंख्याचा, टाकीतल्या तेलाचा आणि होजचा व्हिडिओ काढून गटावर टाका. कंपनीच्या माहितीतल्या मेकॅनिकला दाखवून मगच पुढचं पाऊल टाकू. लिहायला वेळ नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल.

हा संदेश तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरला आणि मशीनच्या ऑपरेटरला नक्की पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾